गृहव्यवस्थापन

२ जानेवारी, सकाळी ६.५०

पहाटे चारला उठण्याचा संकल्प होता. गजर वाजला नाही असे म्हणता येणार नाही. वाजला, परंतु त्या समयी मी अंतर्मुख होतो.

वर्षाचे संकल्प पुढीलप्रमाणे. ब्राह्ममुहूर्ती उठून जप. साखर वर्ज्य. ‘बालशिक्षण आणि विषमता : एक जागतिक चिंतन’ हा बारा प्रकरणांचा ग्रंथ मे अखेर पूर्ण करणे. आणि कोणी एकटेपणाविषयी विचारल्यास ‘एकांत’ हाच शब्द वापरणे. एकटेपणा हा रोग आहे. एकांत ही साधना आहे. मला साधना आहे.

ग्रंथाचे पहिले वाक्य लिहिले : ‘जगातील सर्व बालके जन्मतः समान असतात.’ वाक्य भारदस्त उतरले. दुसरे उद्या.

४ जानेवारी

दुसरे वाक्य आले नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष विषयच दारात आला.

घरी धुणीभांडी करायला येते तिला मी गृहसेविका म्हणतो. शब्द माणसाला उभे करतात, असे माझे आयुष्यभराचे मत आहे. ती समोरच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहते. नवरा तेथेच मजूर. आज तिने लादी पुसता पुसता विचारले, की आजोबा, दुपारी तास-दोन तास माझ्या पोरीला इथं बसू द्याल का? तिकडं साइटवर क्रेन फिरते, जिवाला घोर लागतो. मुलगी पाच वर्षांची. सारखी गरगर फिरते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ कायमचा डकवलेला असतो. वय आठ महिने, नाव नुसते बाळ.

मी तत्काळ होकार दिला. ग्रंथाला प्रयोगशाळा हवीच होती. दुपारची पाठशाळा आजपासून स्थापन झाली असे जाहीर केले. गृहसेविका म्हणाली, ‘शाळा काढा नाहीतर काही काढा, दाराला कडी लावू नका म्हणजे झालं.’ जाताना तिने मुलीच्या कानात बराच वेळ काही सांगितले. बहुधा गुरूसमोर कसे बसावे, याविषयी.

७ जानेवारी, दुपारी ४.१५

पहिला पाठ. दिवाणखान्यात सतरंजी, पाटी, आणि कपाटातील पोथ्या दिसतील अशी माझी आरामखुर्ची. वातावरणाचा संस्कार मोठा असतो.

प्रारंभी वर्णांच्या उच्चारस्थानांचे विवेचन केले : कंठ, तालू, मूर्धा. भिंगरीने संपूर्ण जीभ बाहेर काढून दाखवली व मूर्धा कुठे आहे ते बघा म्हणाली. जिज्ञासा उत्तम. बाळ श्रवण करीत होते. मग त्याने पाटीचा कोपरा चोखला.

तिला अक्षरे मुळीच येत नाहीत असे गृहीत धरले होते. ‘स’ काढला तर म्हणाली, ‘हे सिमेंटातलं पहिलं.’ गोणीवरून शिकली आहे. परंतु हे ज्ञान शास्त्रोक्त क्रमाने आलेले नसल्याने मी ते पुसून टाकले व ‘अ’ पासून आरंभ केला.

उत्तरार्धात काही काळ मी डोळे मिटून चिंतन केले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत होती. अशी एकाग्रता मी माझ्या वर्गांत पस्तीस वर्षांत पाहिली नाही.

११ जानेवारी

प्रकरण दुसरे आरंभिले. पहिले वाक्य : ‘खऱ्या ज्ञानपिपासूच्या आड भूक येत नाही.’

दुपारी भिंगरी ‘ई’ वर आली आणि पाटीवरच झोपली. गालावर ‘ई’ उमटला. मला वाटले, तन्मयता. बाळ मात्र रडू लागले. तिला उठवून विचारले, की सकाळपासून काय खाल्ले? म्हणाली, ‘आज आईला वेळ नव्हता ना.’ जणू मीच वेळापत्रक विसरलो होतो.

बिस्किटांचा पुडा आणवला. ही दया नव्हे. शैक्षणिक साहित्य आहे. चार बिस्किटांत ‘ई’ पासून ‘ओ’ पर्यंत प्रगती झाली. दोन मी घेतली. साखरेचा संकल्प दुपारी ३ ते ५ या वेळेत शिथिल समजावा.

प्रकरण दुसऱ्यातील वाक्य तूर्त मागे घेतले आहे.

१५ जानेवारी, रविवार

चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल. ते परदेशी असतात. अकरा मिनिटे झाला. गेल्या वेळी नऊ होता. संबंध दृढ होत आहेत.

नातही पाच वर्षांची. तिच्या खोलीत तिच्या उंचीचे टेबल, तिच्या उंचीचे कपाट, तिच्या उंचीचे बेसिन. आठवड्यातून दोनदा भावना ओळखण्याचा वर्ग असतो. मी तिला म्हणालो, ‘बालिके, तुझ्या अध्ययनाची प्रगती कशी आहे?’ ती आईकडे वळून म्हणाली, ‘आजोबा बातम्यांसारखं का बोलतात?’ सूनबाई हसल्या. मीही हसलो, पडद्यावर मी हसताना किती वेळ हसत राहतो ते दिसते.

चिरंजीवांना ग्रंथाविषयी सांगितले. ते म्हणाले, की बाबा, इथंही तेच आहे. आमच्याकडे सफाईला येतात त्यांचा मुलगा तळघरात वॉशिंग मशीनसमोर बादली पालथी घालून बसलेला असतो, दिवसभर फिरणारे कपडे बघत. हे ग्रंथासाठी टिपून घेतले. तेवढ्यात त्यांची गाडी आली.

बाकी दिवस शांततेत गेला. आतल्या खोलीत टीव्ही चालू ठेवतो. पाहत नाही. केवळ जगाशी संपर्क.

२० जानेवारी

गुरुसेवेचा हृद्य प्रसंग. मी चहा ठेवून ‘क’ वर्गाचे महत्त्व सांगत होतो. सांगता सांगता थोडे चिंतन लागले. चहा उतू गेला व ज्योत विझली असावी. भिंगरीने बाळाला खाली ठेवले, स्टूल ओढले, गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि मला खांद्याला हलवून म्हणाली, ‘आजोबा, वास येतोय, उठा.’ नंतर विचारले, की दुपारची पांढरी गोळी घेतली का? तिला गोळीचा रंग कसा ठाऊक, हे आश्चर्य. संस्कार! पूर्वी शिष्य गुरुगृही समिधा आणीत; ही गोळी आणते.

सायंकाळी आई न्यायला आली तेव्हा भिंगरीने दारातच सर्व वृत्तांत दिला. आई म्हणाली, ‘शाब्बास माझी वाघीण.’ पाठाविषयी काहीच विचारले नाही. मीच सांगितले, की ‘घ’ येतो.

२५ जानेवारी

महत्त्वाचा दिवस.

रस्त्यापलीकडे काचेच्या दारांची मोठी शाळा आहे. तेथे गरीब घरच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात : फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारी जेवण आहे, लहान भावंडांसाठी पाळणाघरही आहे. वयाच्या अटीमुळे भिंगरीला हीच एक संधी; पुढल्या वर्षी ती मोठी ठरेल. मोफत शाळा महामार्गाच्या पार, लांब; सोडणार कोण? गृहसेविका फॉर्म घेऊन आली. ओल्या हातांचा डाग पडू नये म्हणून दोन्ही मनगटांत धरला होता. म्हणाली, ‘आजोबा, एवढं लागलं ना, तर पोरगी सुटली. बाळाचंही भागेल. तुम्हीच भरा, तुमचं अक्षर मोत्यासारखं.’ उत्पन्नाचा दाखला तिने दोन दिवस काम बुडवून काढला आहे.

उदईक स्नानोत्तर भरीन असे म्हणालो.

२६ जानेवारी, दुपारी १

फॉर्म भरला. बोरूच काढणार होतो. शाई वाळली होती. पेन चालले.

‘आईचा व्यवसाय’ या रकान्याशी थांबलो. ती लादी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, ‘धुणीभांडी लिहा की सरळ.’ मी तिला समजावले, की बाई, हा कागद उद्या सरस्वतीच्या दारात जाणार. तेथे लेकराची पहिली ओळख ‘भांडी’ अशी व्हावी? मी ‘गृहव्यवस्थापन’ लिहिले. पित्याच्या रकान्यात ‘वास्तुनिर्मिती क्षेत्रात कार्यरत’. ‘निवासाचे स्वरूप’ : ‘नवनिर्मित बहुमजली संकुल’. हे अक्षरशः सत्य आहे. संकुल आहे, बहुमजली आहे, त्याच्याच पायाशी ते राहतात. ‘उत्पन्न’ येथे आकडा लिहिणे मला याचनेसारखे वाटले. ‘ईश्वरकृपेने समाधानकारक’ असे लिहिले. असमाधान हे नास्तिक्य होय.

तिला वाचून दाखवला. ती उभी राहून ऐकत होती. म्हणाली, ‘हे आमचंच ना?’ मी म्हणालो, तुमचेच. म्हणाली, ‘भारीच वाटतं.’ मग नवऱ्याला दाखवायला तिने तो पाच मिनिटे मागून नेला.

तळाशी दाखला जोडला. दाखल्याची भाषा अत्यंत रूक्ष.

२८ जानेवारी

फॉर्म शाळेत दिला. जाताना इमारतीच्या रखवालदाराने पाहायला मागितला. वाचून म्हणाला, ‘गुरुजी, हा फॉर्म आहे की लग्नपत्रिका?’ नंतर म्हणाला, की ही कोणाची मुलगी, आपली भिंगरी? मला वाटलं बिल्डरची. अल्पशिक्षित माणसाला शैलीतील सौंदर्य कळत नाही, याचे हे उदाहरण. प्रकरण तिसऱ्यात घेता येईल. (दुसरे अद्याप रिकामे आहे.)

६ फेब्रुवारी

शाळेची वेळ पाहिली. सकाळी आठ ते दुपारी चार.

म्हणजे भिंगरी दुपारी येणार नाही.

हा विचार क्षुद्र आहे. नोंदवून खोडण्याचा विचार होता. परंतु रोजनिशीत खाडाखोड चांगली दिसत नाही. मला एकांत हवाच आहे. ग्रंथ दुपारीच तर लिहायचा होता.

आज पाठ नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त घेतला. काही विशेष कारण नाही. ‘ठ’ अवघड असतो.

१४ फेब्रुवारी

शाळेने ओळखभेटीसाठी बोलावले. भिंगरीच्या केसांना तेल, बाळाच्या डोक्यावर माझी लोकरी टोपी. आईने दुसऱ्या घरची सुट्टी घेतली होती व सारखी पदराने मुलीचे नाक पुसत होती, नाक वाहत नसताना.

शाळा अद्भुत आहे. भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे. स्वच्छतागृहातील नळ भिंगरीच्या कमरेइतक्या उंचीवर. तिने तो सातदा उघडला, सातदा बंद केला. आईला म्हणाली, ‘इथं पाणी दिवसभर असतं?’

बाईंनी चित्रे दाखवली. बाथटब पाहून भिंगरी म्हणाली, ‘माल कालवायचं घमेलं.’ पियानोला ‘दाताचं टेबल’. बाई हसल्या नाहीत. उलट खाली सतरंजीवर येऊन बसल्या. मग विचारले, की घरी कोण कोण असतं? भिंगरी बोटांवर मोजत म्हणाली, ‘आई, बाबा, बाळ. आणि दुपारी आजोबा. बाळाला मी सांभाळते आणि आजोबांना मी सांभाळते.’

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खुलासा केला, की विद्यार्थिनीचा विभक्तीत गोंधळ झाला आहे. ‘आजोबा मला सांभाळतात’ असे विवक्षित होते. कर्ता व कर्म यांची अदलाबदल झाली. बाई म्हणाल्या, ‘हो का? दोघांत जड कोण?’ भिंगरी क्षणभर विचार करून म्हणाली, ‘आजोबा. बाळ एकदा झोपलं की गॅस लावत नाही.’

निघताना बाई आईला हळूच म्हणाल्या, की मुलगी फार हुशार आहे, कागदपत्रं नीट असली म्हणजे काळजी करू नका. आई जिन्यात बसून रडली. मी भाषेच्या अंगाने थोडा चिंतित होतो.

१५ फेब्रुवारी, सायंकाळी

द्वितीया विभक्तीचा विशेष पाठ घेतला. ‘आजोबा मला सांभाळतात’ हे वाक्य दहादा म्हणवून घेतले. दहाही वेळा बरोबर म्हणाली. मग म्हणाली, ‘पण तसं नाहीये ना.’

तिच्या आईला विचारले. ती पिळे पिळत होती. म्हणाली, की रागावू नका आजोबा, मीच सांगितलं होतं तिला पहिल्या दिवशी. तुम्ही बसल्या बसल्या झोपता, गॅस तसाच राहतो, डिसेंबरात बाथरूमात पडलात तेव्हा दोन तास कुणाला पत्ता नव्हता. म्हटलं, क्रेनपासून पोरगी लांब राहील, आणि इकडं तुमच्यापाशी कुणीतरी.

पडलो नव्हतो. बसलो होतो. फरशी थंड असल्याने उठण्याची घाई केली नाही, इतकेच.

एकंदर, दोन्ही पक्षांनी आपापल्या दृष्टीने पाठशाळा चालवली असे म्हणता येईल. शास्त्रात याला काही नाव असेल. शोधले. सापडले नाही. टीव्ही बंद करायचा राहिला, तो रात्रभर बोलत होता.

२ मार्च

यादी लागली. शाळेच्या फाटकावर गर्दी. वरून खाली वाचली, मग खालून वर. भिंगरीचे नाव नाही. छपाईतील दोष असणार. उद्या चौकशी करीन. आईला म्हणालो, यादी अपूर्ण आहे.

३ मार्च, दुपारी १२.३०

शाळेच्या कार्यालयातील कारकून बाईंनी फाइल काढली. माझे अक्षर दुरूनच ओळखू आले.

त्या म्हणाल्या, ‘आजोबा, आई गृहव्यवस्थापनात, वडील वास्तुनिर्मिती क्षेत्रात, राहायला बहुमजली संकुल, उत्पन्न समाधानकारक. मग गरिबांची जागा कशाला हवी हो? समाधानकारक तर आमच्या मॅनेजरचंसुद्धा नाही.’ शेजारच्या टेबलावर कोणी हसले. मी दाखल्याकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, की तेच तर. दाखला एक सांगतो, फॉर्म दुसरंच. दोन्ही जुळत नाहीत म्हणजे बाद. वरून तसाच आदेश असतो. लबाडी करून जागा लाटणारे खूप येतात.

मी म्हणालो, की ही लबाडी नव्हे, हा अलंकार आहे. त्या म्हणाल्या, ‘अलंकाराचा रकाना नव्हता ना आजोबा.’



४ मार्च

चारला उठलो. झोप लागली नव्हती, त्यामुळे हे संकल्पपूर्तीत धरता येत नाही.

शाळेला पत्र लिहिले. पहिला मसुदा चार पानांचा. त्यात ‘अनवधानजन्य’ हा शब्द तीनदा आला. फाडला. दुसरा दोन पानांचा. फाडला. शेवटी हे राहिले :

‘मुलीची आई लोकांकडे धुणीभांडी करते. बाप विटा वाळू वर चढवतो. चौघे पत्र्याच्या एका खोलीत राहतात. तिथे नळ नाही. मिळते ते पुरत नाही. फॉर्म मी भरला. चूक माझी आहे.’

सात वाक्ये. समास फारसे नाहीत. ‘धुणीभांडी’ला इलाज नव्हता. या वर्षात मी पूर्ण केलेले हे पहिलेच लेखन.

५ मार्च

पत्र दिले. कारकून बाईंनी उभ्या उभ्या वाचले, मग बसून वाचले. म्हणाल्या, ‘हेच तेव्हा लिहिलं असतं तर पहिल्या पाचात होती.’ दुरुस्तीची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारीस संपली. त्या जागेवर दुसरे मूल आले. त्याच्या आईने फॉर्म देण्याच्या रांगेतच कारकून बाईंचे पाय धरले होते. आता त्याची जागा काढू का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. पाणी दिले त्यांनी.

८ मार्च

गृहसेविकेला अद्याप सांगितलेले नाही. योग्य समय हवा. आज ती घाईत होती. काल मी घाईत होतो. परवा बाळाला ताप होता.

भिंगरी दुपारी येऊन ‘शाळेतला नळ’ या विषयावर बोलते. दुसरे काही बोलतच नाही. आज पाटीवर नळ काढला. बिस्किटे संपली आहेत. आणायला गेलो नाही.

१० मार्च

सांगितले.

म्हणालो, ‘तांत्रिक विसंगतीमुळे प्रवेशप्रक्रिया प्रतिकूल दिशेने परिणत झाली.’ ती फडके हातात घेऊन उभी. म्हणाली, ‘म्हणजे झालं का नाही?’ म्हणालो, नाही. विचारले, की का नाही? सांगितले. या वेळी साध्या शब्दांत सांगितले; आता ते येतात.

तिने फडके पिळले. पाणी सगळे निघाले तरी पिळत राहिली. मग एवढेच म्हणाली, ‘मी म्हटलं होतं आजोबा, धुणीभांडी लिहा.’

तिने आरडाओरडा केला असता तर मला काही उत्तर देता आले असते. जाताना म्हणाली, ‘फरशी ओली आहे, जपून या.’

१२ मार्च

मार्ग सापडला. मोफत शाळा महामार्गाच्या पलीकडे आहे, तर असू द्या. मी स्वतः भिंगरीला रोज नेईन व आणीन. प्रातःकाळचे चालणे वैद्यांनीही सांगितले आहे. जागतिक समस्येचे उत्तर बहुधा असेच असते : एक वृद्ध, एक बालक, एक बोट. प्रकरण बारावे, शेवटचे वाक्य. अगोदरची प्रकरणे मागाहून.

गृहसेविकेला सांगितले. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिले. म्हणाली, बघा.

१४ मार्च, सकाळी १०.२०

सव्वाआठला निघालो. भिंगरीने नवी रिबीन बांधली होती. औषधांच्या दुकानापर्यंत उत्तम. तेथे एक विश्रांती. सिग्नलपाशी दुसरी.

पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ असतो ते मोजले : बावीस सेकंद. ही योजना कोणा तरुण अधिकाऱ्याने आखली असावी. तीन हिरवे दिवे आम्ही जाऊ दिले. चौथ्याला निघालो. मधल्या दुभाजकापर्यंत पोहोचलो आणि गुडघा अडकला. पुढे जाईना, मागे येईना. दोन्ही बाजूंनी ट्रक. भिंगरीने माझे बोट सोडून मनगट धरले. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोके काढून ओरडून सांगितले, ‘ए पोरी, आजोबांना नीट धर!’

तिने नीट धरले. दोन हिरवे दिवे जाऊ देऊन तिने मला परत अलीकडच्या तीरावर आणले. पलीकडे शाळेची घंटा ऐकू आली. फार लांब नव्हती. घरी आणून खुर्चीत बसवले, पाय स्टुलावर ठेवला. म्हणाली, ‘उद्या जाऊ हं.’ अशा सुरात म्हणाली, की तो सूर तिच्या आईचा असावा. बाळाला नाही म्हणताना वापरतात तो.

१५ मार्च

डॉक्टरांनी चार आठवडे जिना वर्ज्य सांगितला. तिला सोडण्यासाठी रिक्षा लावून द्यावी असा विचार आला होता. चिरंजीवांना विचारून सांगतो, असे म्हणालो.

१९ मार्च, रविवार

चिरंजीवांचा कॉल. सहा मिनिटे. रिक्षाचा विषय निघाला नाही. बराचसा वेळ त्यांच्याकडील हवामानात गेला. गुडघ्याचेही सांगितले नाही, उगाच काळजी. त्यांनी विचारले, की बाबा, दिवसा कुणी असतं ना? असतं, म्हणालो.

२४ मार्च

भिंगरी चार दिवस आली नाही. पाठशाळेस सुट्टी जाहीर केली. मी जाहीर केली आणि मीच ऐकली.

३० मार्च, सकाळी ९.१०

आजपासून भिंगरी सकाळीच येते. आईबरोबर. आईने दोन घरे जास्त धरली आहेत. एकटीने उरकत नाही. बाळ सतरंजीवर, उशांच्या मध्ये.

मुलांच्या हक्कांविषयी चार वाक्ये तयार ठेवली होती. दोन बोललो. तिची आई म्हणाली, ‘खरं आहे आजोबा,’ आणि भांडी घासायला आत गेली. उरलेली दोन बोलायला कोणी नव्हते.

झाडू भिंगरीला उंच होतो म्हणून दांडा अर्धा कापला आहे. तिच्या उंचीचा केला आहे. मी पाटी पुढे केली, ‘ठ’ पासून धरू या म्हणालो. ती म्हणाली, आधी हॉल होऊ दे. कपाटाखालून केर काढला, टेबलाखालून काढला, कोपरे सोडले नाहीत. मग माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

‘आजोबा, पाय वर घ्या.’

घेतले.